कमांड लाइनवरून ब्लॉग: लेख चढवणं सगळ्यांना जमतं, दुरुस्तीचं काय?

पुण्यातून मराठी ब्लॉग चालवायचा तर लेख प्रसिद्ध करण्यापेक्षा प्रसिद्ध झालेला लेख दुरुस्त करण्याचं काम जास्त पडतं. ‘पद्धत’ची ‘पध्दत’ झाली की सकाळचा चहा निवायच्या आत वाचकाचा निरोप हजर. त्या निरोपात लेखाविषयी एक शब्दही नसतो, ते सोडा. ब्राउझरमध्ये लॉगिन करायचं, लेख शोधायचा, संपादक उघडायची वाट बघायची आणि एक जोडाक्षर बदलून जतन करायचं, हे एका लेखापुरतं ठीक आहे. तीच चूक तीनशे लेखांत असेल तर माणूस वैतागतो. वेब एपीआय (एका प्रोग्रामने दुसऱ्याशी नेटवरून बोलायचं दार) आणि कमांड लाइन (आज्ञा टंकून काम करायची पद्धत) यांचा खरा उपयोग तिथे आहे.

म्हणून या परीक्षणाचा निकष लेख चढवणं किती सोपं आहे हा नाही. चढवायला सगळीकडेच जमतं. पाहायचं ते असं: चढवलेला लेख जसा लिहिला होता तसाच परत हातात मिळतो का, त्यातला एक शब्द बदलून तो जागच्या जागी ठेवता येतो का, आणि मधल्या वेळात दुसऱ्या कुणी त्यात हात घातला असेल तर ते कळतं का. या कसोटीवर स्वतःच्या होस्टिंगवरचं वर्डप्रेस, गूगलचं ब्लॉगर, घोस्ट आणि मीडियम अशा चार सेवा घासून पाहिल्या आहेत. एचटीटीपी या वेबच्या संवादभाषेतही ‘पोस्ट’ नावाची क्रिया असल्यामुळे ब्लॉगवरच्या पोस्टला इथे ‘लेख’ म्हटलं आहे. आज्ञा आणि पर्याय उच्चाराप्रमाणे दिले आहेत. टंकताना ते अर्थातच रोमन लिपीत.

साधनं तीन लागतात आणि तिन्ही फुकट आहेत. विनंती पाठवायला कर्ल, एपीआयशी देवाणघेवाण ज्या रचनेत होते ते जेसन बांधायला आणि सोडवायला जेक्यू, मार्कडाउनचं (साध्या खुणा घालून लिहिलेल्या मजकुराचं) एचटीएमएल करायला पॅनडॉक. कर्ल ७.८२ किंवा त्यापुढचं असलेलं बरं, कारण २०२२ च्या त्या आवृत्तीपासून ‘जेसन’ हा पर्याय आला आणि कंटेंट-टाइपचं हेडर (विनंतीच्या डोक्यावरची ओळ) दर वेळी हाताने लिहायची कटकट संपली. ‘फेल-विथ-बॉडी’ हा पर्यायही कायम लावावा. नुसतं ‘फेल’ लावलं की चूक झाल्यावर कर्ल सर्व्हरचं उत्तर गिळून टाकतं, आणि नेमकं काय बिनसलं ते त्या उत्तरातच लिहिलेलं असतं. जेक्यू १.६ किंवा त्यापुढचं घ्या. त्यात ‘रॉफाइल’ आहे, म्हणजे लेखाची फाइल जशीच्या तशी जेसनमध्ये बसवता येते. अवतरणचिन्हं आणि नव्या ओळी असलेला मजकूर शेलच्या, म्हणजे आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रामच्या, अवतरणांत कोंबून जेसन बनवायचा प्रयत्न कुणी करू नये. पहिल्याच ‘म्हणाला, "चल"’ला ते मोडतं.

वर्डप्रेस

वर्डप्रेसचं रेस्ट एपीआय २०१६ च्या डिसेंबरात ४.७ आवृत्तीबरोबर गाभ्यात आलं आणि २०२० च्या डिसेंबरात ५.६ बरोबर ॲप्लिकेशन पासवर्ड आले. या दोन तारखांमुळे चित्र पालटलं. आता वेगळं प्लगइन लागत नाही की ओऑथ या परवानगी-पद्धतीची वारी करावी लागत नाही. स्वतःच्या प्रोफाइलच्या पानावर खाली ‘ॲप्लिकेशन पासवर्ड’चा रकाना असतो. तिथे ‘घरचा लॅपटॉप’ असं ओळखीचं नाव द्यायचं, की चोवीस अक्षरांचा पासवर्ड मिळतो. तो एकदाच दिसतो. चार-चार अक्षरांच्या गटांत दिसतो, पण मधल्या मोकळ्या जागा नुसत्या वाचायच्या सोयीसाठी आहेत. त्या काढून टाकल्या तरी चालतं.

त्या काढाव्याच. कारण पासवर्ड ठेवायची योग्य जागा म्हणजे घरच्या फोल्डरमधली ‘.नेटआरसी’ फाइल, आणि तिथे मोकळी जागा आली की पुढची अक्षरं वेगळा शब्द धरली जातात. फाइलला ६०० ची (फक्त स्वतःला वाचता-लिहिता येईल अशी) परवानगी द्यायची आणि कर्लला ‘-एन’ लावायचं. पासवर्ड थेट आज्ञेत लिहिला तर तो शेलच्या इतिहासात पडून राहतो. हा पासवर्ड नेहमीच्या लॉगिनच्या पानावर चालत नाही ही जमेची बाजू. पण एपीआयपुरती तो दुहेरी पडताळणीही ओलांडून जातो, त्यामुळे फुटला तर फटका मोठा. प्रशासकाच्या नावाने तो काढू नका. ‘संपादक’ भूमिकेचा वेगळा वापरकर्ता करा आणि त्याच्या नावाने काढा.

रकानाच दिसत नसेल तर तीन शक्यता. संकेतस्थळ एचटीटीपीएसवर नाही, किंवा एखाद्या सुरक्षा प्लगइनने ही सोय बंद केली आहे, किंवा वर्डप्रेस स्वतःच्या संगणकावर चाचणीसाठी चालवलं आहे आणि त्याचा ‘एन्व्हायर्नमेंट टाइप’ ‘लोकल’ ठेवलेला नाही.

नवा लेख म्हणजे ‘डब्ल्यूपी-जेसन/डब्ल्यूपी/व्ही२/पोस्ट्स’ या पत्त्यावर शीर्षक, मजकूर आणि स्थिती असलेलं जेसन पाठवायचं. यश मिळालं तर २०१ क्रमांक आणि उत्तरात लेखाचा आयडी. तो आयडी ताबडतोब मार्कडाउन फाइलच्या डोक्यावर लिहून ठेवा. आयडी नसला की स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवल्यावर दुसरा लेख तयार होतो आणि त्याच्या पत्त्याच्या शेपटीला ‘-२’ लागतं. घाटात बोगद्यामागून बोगदे येतात आणि डेक्कन क्वीनमधलं नेट तुटतं, तेव्हा हमखास हेच घडतं: विनंती सर्व्हरला पोचलेली असते, उत्तर येत नाही, आणि माणूस पुन्हा एंटर दाबतो. उत्तर आलं नाही तर आधी त्याच स्लगने (पत्त्याच्या शेवटी येणाऱ्या लेखाच्या नावाने) शोध घ्यावा, मग ठरवावं.

आणखी एक सापळा फार फसवा आहे. खरा पत्ता ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह असतो आणि आज्ञेत तो त्याशिवाय लिहिलेला असतो. सर्व्हर ३०१ देऊन दुसरीकडे पाठवतो. कर्लला ‘-एल’ लावलेलं असेल तर ते निमूट तिकडे जातं, पण जाताना ‘पोस्ट’ विनंतीची ‘गेट’ होते. उत्तरात २०० येतं, सोबत लेखांची मोठी यादीही येते, सगळं हिरवंगार दिसतं आणि नवा लेख कुठेच नसतो. म्हणून लेखनाच्या विनंतीत ‘-एल’ लावू नये आणि २०० वर समाधान मानू नये. नव्या लेखाला २०१ च हवा.

आता मुख्य कसोटी: लेख परत आणणं. इथे बहुतेक स्क्रिप्ट चुकतात. आयडीने लेख मागितला की मजकूर ‘रेंडर्ड’ या रूपात येतो, म्हणजे शॉर्टकोड (गॅलरीसारख्या गोष्टींच्या जागी लिहिलेल्या छोट्या खुणा) उलगडलेले, परिच्छेदांच्या खुणा घातलेल्या, व्हिडिओच्या दुव्याच्या जागी आख्खी चौकट बसवलेली. हा मजकूर दुरुस्त करून परत चढवला की शॉर्टकोड कायमचा गेला, दुवाही गेला. लेख दिसायला तसाच दिसतो, पण वर्षभराने गॅलरीचं प्लगइन बदललं की जुने लेख जुन्याच एचटीएमएलमध्ये अडकलेले सापडतात. पत्त्याच्या शेवटी ‘कॉन्टेक्स्ट=एडिट’ लावून ओळखीसह मागितलं, की ‘रॉ’ रूप मिळतं. तेच हातात घ्यायचं. ‘_फील्ड्स’ने फक्त आयडी, स्लग आणि कच्चा मजकूर एवढंच मागवलं तर उत्तर आटोपशीर राहतं.

मागे ठेवताना वर्डप्रेस समजूतदार आहे. त्याच आयडीच्या पत्त्यावर फक्त बदललेलं क्षेत्र (शीर्षक, मजकूर असा एखादा रकाना) पाठवायचं, बाकीचं जसंच्या तसं राहतं. प्रत्येक बदलाची आवृत्ती साठते आणि ‘रिव्हिजन्स’च्या पत्त्यावर ती मिळते. उणीव एकच, पण खरी: दोघांनी एकाच वेळी हात घातला तर ज्याने शेवटी जतन केलं त्याचं खरं. एपीआय काही विचारत नाही. स्क्रिप्टने चढवण्याआधी ‘मॉडिफाइड_जीएमटी’ पुन्हा वाचून आपल्याकडच्या नोंदीशी ताडून पाहायचं, एवढाच उपाय.

तीनशे लेखांतला ‘ध्द’ बदलून ‘द्ध’ करायचा तर एका पानावर जास्तीत जास्त शंभर लेख मिळतात. १०१ मागितले की ४०० ही चूक येते. एकूण पानं किती ते उत्तराच्या हेडरमध्ये, ‘एक्स-डब्ल्यूपी-टोटलपेजेस’मध्ये असतं. क्रम आयडीप्रमाणे चढता लावा. बदलाच्या तारखेप्रमाणे लावला तर दुरुस्ती करता करता लेख जागा बदलतात, पानं सरकतात आणि काही लेख सुटतात. सगळे लेख आधी फाइलींत उतरवून गिटमध्ये (फाइलींच्या बदलांच्या नोंदवहीत) एक नोंद करा, मग सेड या शोधून बदलणाऱ्या साधनाने बदल, मग डिफ, म्हणजे जुन्या-नव्यातला फरक, डोळ्यांखालून घाला, आणि बदललेल्याच फाइली चढवा. मध्ये एक-दोन सेकंदांची विश्रांती असू द्या, स्वस्त होस्टिंग एका दमात तीनशे विनंत्या सोसत नाही.

बारीक गोष्टी आणखी आहेत. पॅनडॉक आपल्या समजुतीप्रमाणे ७२ व्या रकान्याजवळ ओळ मोडतं. ब्लॉकशिवायच्या मजकुरात वर्डप्रेस प्रत्येक मोडलेल्या ओळीला खरीखुरी ओळतोड समजतं, आणि लेख कवितेसारखा दिसायला लागतो. ‘रॅप=नन’ लावलं की हे थांबतं. विभाग आणि टॅग नावाने चालत नाहीत, आयडीनेच द्यावे लागतात. टॅग आधीच असेल आणि नव्याने करायला गेलात तर ‘टर्म_एक्झिस्ट्स’ अशी चूक येते, पण त्याच उत्तरात जुन्या टॅगचा आयडी असतो. तो उचलायचा आणि पुढे जायचं. ‘लेखक’ भूमिकेच्या वापरकर्त्याने आयफ्रेम पाठवली तर वर्डप्रेस ती मुकाट्याने गाळतं आणि तरीही यशाचाच क्रमांक देतं. चढवल्यावर कच्चा मजकूर परत आणून तुलना करायची ती यासाठीच.

चित्रं ‘मीडिया’च्या पत्त्यावर जातात, सोबत कंटेंट-डिस्पोझिशनमध्ये फाइलीचं नाव. नाव रोमन ठेवा. फोनवरचं मोठं छायाचित्र तसंच पाठवू नका; २५६० पिक्सेलपेक्षा मोठं चित्र वर्डप्रेस स्वतः लहान करायला घेतं आणि तुटपुंज्या स्मृतीच्या सर्व्हरवर तिथेच दम तोडतं. इमेजमॅजिकने आधीच दोन हजार पिक्सेलवर आणलेलं बरं.

वेळेचं गणित भारतीयांसाठी खास आहे. ‘डेट’ हे क्षेत्र संकेतस्थळाच्या वेळेत धरलं जातं. कुणी सेटिंगमध्ये युटीसी (ग्रीनिचची वेळ) तसंच ठेवलं असेल, तर लक्ष्मीपूजनाच्या सकाळी सातला लावलेला लेख दुपारी साडेबाराला उगवतो. सेटिंगमध्ये कोलकाता निवडा किंवा ‘डेट_जीएमटी’ पाठवा. तेवढ्याने भागलं असं मात्र नाही. वर्डप्रेसचं क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं उरकणारा भाग, कुणी संकेतस्थळाला भेट दिली तरच जागं होतं. पहाटे वाचक नसलेल्या ब्लॉगवर वेळ टळून जाते. कॉन्फिग फाइलीत ते बंद करून सर्व्हरच्या क्रॉनमधून दर दहा मिनिटांनी ‘डब्ल्यूपी-क्रॉन’ला हाक मारणं हा पक्का उपाय.

चुकांचे क्रमांक वाचायला शिकलं की निम्मं काम झालं. ४०१ आला आणि पासवर्ड बरोबर असेल, तर सर्व्हर ऑथरायझेशनचं हेडर पीएचपीपर्यंत (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिच्यापर्यंत) पोचू देत नसतो. अपाचीवर हे होतं. ५.६ पासून वर्डप्रेस स्वतःच ‘.एचटीॲक्सेस’मध्ये त्यासाठी ओळ घालतं, पण जुन्या फाइली हाताने राखलेल्या असतील तर ती नसते. ४०४ आणि ‘रेस्ट_नो_रूट’ म्हणजे पत्ता चुकला. एपीआयचा पत्ताच सापडत नसेल आणि वेबसर्व्हरचं साधं ४०४ पान येत असेल, तर पर्मालिंक, म्हणजे लेखांचे कायमचे पत्ते, ‘साधे’ ठेवलेले असतात. तेव्हा ‘रेस्ट_रूट’ हा प्रश्नचिन्हानंतरचा मार्ग वापरायचा. ४०३ किंवा ४०६ येतो आणि तो ठरावीक लेखालाच येतो, तेव्हा मजकुरातला एखादा एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतला नमुना सर्व्हरच्या मॉडसिक्युरिटी या पहारेकऱ्याला हल्ला वाटलेला असतो. पाककृतींच्या ब्लॉगला हा त्रास होत नाही, प्रोग्रामिंगच्या ब्लॉगला होतो. होस्टिंगवाल्यांकडून नियम क्रमांक घेऊन तो या पत्त्यापुरता शिथिल करून घ्यावा लागतो. आणि जेक्यू ‘पार्स एरर’ म्हणालं तर जेक्यूला दोष देऊ नका. समोरून जेसनऐवजी एचटीएमएलचं पान आलेलं असतं, बहुधा बॉट-तपासणीचं.

एसएसएच, म्हणजे सर्व्हरवर दुरून आज्ञा चालवायची सोय, मिळत असेल तर डब्ल्यूपी-सीएलआय हा वेगळाच पर्याय आहे. ते वेब एपीआय वापरतच नाही, सर्व्हरवर थेट पीएचपी चालवतं. वरचा ‘ध्द’चा उद्योग त्यात ‘सर्च-रिप्लेस’च्या एका ओळीत होतो, आणि ‘ड्राय-रन’ लावून आधी नुसता आकडाही बघता येतो. मात्र लेखांच्या जुन्या आवृत्त्या डेटाबेसच्या त्याच तक्त्यात राहतात, त्यामुळे बदल त्यांच्यातही होतो आणि परतीची वाट बंद होते. आधी ‘डीबी एक्स्पोर्ट’ केल्याशिवाय ही आज्ञा चालवू नये.

देवनागरीची दुखणी

इंग्रजी माहितीपानांत हा भाग सापडणार नाही, म्हणून जरा सविस्तर.

वर्डप्रेसमध्ये स्लगचा रकाना २०० अक्षरांचा आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत तीन बाइटचं आणि पत्त्यासाठी प्रत्येक बाइटची टक्केवारीच्या खुणेसह तीन अक्षरं होतात. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सगळी स्वतंत्र चिन्हं. हिशेब बावीस चिन्हांत संपतो. ‘सदाशिव पेठेतली जुनी वाचनालयं’ या शीर्षकाचा स्लग ‘सदाशिव-पेठेतली-जुनी-वाचन’ इथेच तुटतो. स्लग नेहमी रोमनमध्ये स्वतः द्यावा. व्हॉट्सॲपवर चिकटवल्यावर टक्क्यांची माळ दिसत नाही हा वरचा फायदा.

हिंजवडीतल्या ऑफिसच्या विंडोज लॅपटॉपवरून हे करणाऱ्यांसाठी: विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये, म्हणजे ५.१ मध्ये, ‘कर्ल’ हे खरं कर्ल नाही. ते ‘इनव्होक-वेबरिक्वेस्ट’चं टोपणनाव आहे. ‘कर्ल.ईएक्सई’ असं पूर्ण लिहावं लागतं. तिथल्या ‘इनव्होक-रेस्टमेथड’ला नुसता मजकूर दिला तर तो देवनागरी नसलेल्या आयएसओ-८८५९-१ मध्ये जातो आणि आख्खा मराठी लेख प्रश्नचिन्हांची रांग होऊन चढतो. मजकुराचे यूटीएफ-८ बाइट करून द्यावे लागतात. शीर्षकही आज्ञेत टंकू नये, फाइलीतून वाचावं. एवढं सांभाळण्यापेक्षा डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायच्या सोयीत) उबुंटू घातलेलं परवडतं.

चढलेल्या लेखात गडबड दिसली तर रोगनिदान सोपं आहे. रोमन चिन्हांची खिचडी दिसत असेल तर बाइट शाबूत आहेत, फक्त वाचणाऱ्या प्रोग्रामची समजूत चुकली आहे, मजकूर वाचवता येतो. प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मजकूर गेला, मूळ फाइलीतूनच पुन्हा चढवा. सगळं नीट असून फक्त इमोजी असलेल्या लेखांनाच अडचण येत असेल, तर डेटाबेसमधला तक्ता जुन्या ‘यूटीएफ८’चा आहे. देवनागरी तीन बाइटांत बसते, इमोजीला चार लागतात.

टर्मिनलमध्ये वेलांट्या भलतीकडे आणि जोडाक्षरं फुटलेली दिसतात. ते टर्मिनलचं दुखणं आहे, फाइलीचं नव्हे. तिथे पाहून ‘दुरुस्ती’ केली की चांगला मजकूर बिघडतो. डिफ वाचायचा तर ब्राउझरमध्ये किंवा एखाद्या ग्राफिक संपादकात.

अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांकडे पुस्तकांचा जुना मजकूर बहुधा पेजमेकरमध्ये आणि पुण्यातल्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीत असतो. फॉन्ट काढला की उरतात रोमन खुणा. एपीआयला तो तसाच दिला तर एपीआय तो आनंदाने घेतं, अडवत नाही. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग वाचन, मग चढवणं. रूपांतरानंतर तीन ठिकाणी बारीक नजर हवी. ‘दुःख’मधल्या विसर्गाच्या जागी अपूर्णविराम आलेला असतो. ‘ॲ’ कधी एकाच चिन्हाचा असतो, कधी अ, अदृश्य जोडचिन्ह आणि चंद्र असा तीन तुकड्यांचा. ‘शेतकऱ्या’तला अर्धा र कधी ‘ऱ’पासून बनलेला असतो, कधी साध्या र, हलंत आणि त्याच अदृश्य जोडचिन्हापासून. डोळ्यांना दोन्ही सारखे, सेडला नाही. युनिकोडच्या एनएफसी या प्रमाण रूपात आणूनही हा फरक मिटत नाही, त्यामुळे दोन्ही रूपं स्वतंत्र शोधावी लागतात. संकेतस्थळावरच्या शोधाच्या चौकटीत लेख सापडत नाही अशी तक्रार आली, तर आधी इथे पाहा.

ब्लॉगर

मराठी ब्लॉगांचा मोठा साठा अजून ब्लॉगस्पॉटवर आहे, म्हणून याला टाळता येत नाही. सेवा फुकट, सर्व्हर सांभाळायची कटकट नाही. पण दारातच रांग आहे. एपीआय-की फक्त सार्वजनिक लेख वाचायला चालते. लिहायला ओऑथ २.० लागतं. गूगलच्या क्लाउड कन्सोलमध्ये प्रकल्प काढा, ब्लॉगर एपीआय सुरू करा, संमतीचं पान भरा, ‘डेस्कटॉप’ प्रकारचा क्लायंट आयडी घ्या, एकदा ब्राउझरमधून होकार द्या, मग रिफ्रेश टोकन, म्हणजे पुन्हापुन्हा प्रवेश मिळवून देणारी किल्ली, हाती येतं. आठवड्याने सगळं अचानक बंद पडतं. कारण संमतीच्या पानाची स्थिती ‘टेस्टिंग’ ठेवली असेल तर टोकन सात दिवसांनी मरतं. ती ‘प्रॉडक्शन’ करायची. पडताळणी न झाल्याचा इशारा दिसतो, आपल्या एकट्याच्या खात्यापुरता तो ओलांडता येतो.

दुरुस्तीला ‘पॅच’ वापरा. ‘पुट’ म्हणजे आख्खा लेख नव्याने, त्यात लेबलं द्यायची राहिली की गेली. मजकूर परत मिळतो तो एचटीएमएल म्हणून, पण जसा दिला तसा. या बाबतीत ब्लॉगर प्रामाणिक आहे. चित्रं चढवायची सोय एपीआयमध्ये नाही, ती हातानेच. मराठी शीर्षकाचा पत्ता ‘ब्लॉग-पोस्ट_१२’ असा काहीतरी निरर्थक होतो आणि एपीआयमधून तो ठरवता येत नाही. त्यावर चालणारी युक्ती अशी: लेख रोमन शीर्षकाने प्रसिद्ध करायचा, पत्ता ठरला की लगेच पॅच करून शीर्षक मराठी करायचं. पत्ता बदलत नाही. त्या काही सेकंदांत फीड वाचणाऱ्या कुणाला रोमन शीर्षक दिसलं तर दिसलं.

गूगलने २०१० मध्ये गूगलसीएल नावाचं कमांड लाइन साधन काढलं होतं, त्यातून ब्लॉगरवर एका ओळीत लेख जायचा. ओळख पटवायची जुनी पद्धत बंद झाली आणि साधन निकामी झालं. तयार वेष्टनांवर विसंबण्यापेक्षा कर्लच्या वीस ओळी स्वतः राखाव्यात असं आमचं मत या उदाहरणावरूनच आहे.

घोस्ट आणि मीडियम

घोस्टचं ॲडमिन एपीआय नेटकं आहे, फक्त किल्ली थोडी तिरकी. ‘आयडी:सीक्रेट’ अशी जोडी मिळते, त्यातून दर वेळी पाच मिनिटांपेक्षा जास्त न टिकणारं जेडब्ल्यूटी, म्हणजे सही केलेलं टोकन, स्वतः बनवायचं. सीक्रेट हेक्स असतं. ते बाइटांत उलगडून मग सही करायची. तसंच्या तसं वापरलं की ४०१. लॅपटॉपचं घड्याळ पुढेमागे असेल तरीही ४०१, म्हणून आधी घड्याळ पाहा. घोस्ट-सीएलआय हे नाव ऐकून कुणी फसू नये: ते सर्व्हर बसवायचं साधन आहे, लेख लिहायचं नव्हे.

दुरुस्तीच्या वेळी घोस्ट मागच्या बदलाची वेळ, ‘अपडेटेड_ॲट’, सक्तीने मागतं. मध्ये दुसऱ्या कुणी लेख बदलला असेल तर ४०९ देऊन थांबवतं. वर्डप्रेसमध्ये जे आपण हाताने करतो ते इथे घरचंच आहे, आणि चारपाच जणांच्या संपादक मंडळासाठी तेवढ्या एका गुणावर घोस्ट घ्यावं. उलट बाजू: आत मजकूर लेक्सिकल नावाच्या रचनेत साठतो. ‘सोर्स=एचटीएमएल’ लावून आपलं एचटीएमएल दिलं तर ते रूपांतरित होतं आणि त्याला न कळलेल्या खुणा गळतात. तक्ते, पदटीपा असलेले लेख एचटीएमएल कार्डाच्या खुणांमध्ये गुंडाळून द्यावे लागतात. मग ते तसेच राहतात, पण संपादकाच्या पडद्यावर ते एक बंद पेटारा होऊन बसतात.

मीडियमवर वेळ घालवू नका. त्याच्या एपीआयमधून लेख फक्त टाकता यायचा, बदलता कधीच येत नव्हता, आणि २०२५ पासून नवी टोकनं देणंही बंद झालं.

मग काय घ्यावं

एकट्यादुकट्याचा ब्लॉग, ट्रेकिंगचा गट किंवा लहान प्रकाशक असेल तर वर्डप्रेस, वरचे सगळे काटे धरून. कच्चा मजकूर परत देणं आणि एकाच क्षेत्राची दुरुस्ती घेणं या दोन गोष्टी ते सगळ्यात चांगल्या करतं. संपादक तीनहून जास्त असतील तर घोस्ट. जुना ब्लॉगस्पॉट ब्लॉग असेल तर तो हलवण्याआधी एपीआयने सगळे लेख उतरवून ठेवा. दुरुस्तीपुरता तो तिथेच राहिला तरी बिघडत नाही. कुणी गट सोडून गेलं की त्याच्या लॅपटॉपच्या नावाचा ॲप्लिकेशन पासवर्ड त्याच दिवशी रद्द करा. यादीत शेवटचा वापर कधी आणि कुठल्या आयपीवरून झाला ते दिसतं, महिन्यातून एकदा त्यावर नजर टाका.

सेवा कुठलीही घ्या, पहिल्या दिवशी एक चाचणीचा लेख करा. वर्डप्रेसवर त्याची स्थिती ‘प्रायव्हेट’ ठेवा, ब्लॉगर आणि घोस्टवर मसुदा. मजकुरात एक विसर्ग, दोन्ही प्रकारचे अर्धे र, एक ‘ॲ’, दुहेरी अवतरणं, एक मोडलेली ओळ, एक व्हिडिओची चौकट आणि एक इमोजी घाला. तो चढवा, कच्च्या रूपात परत उतरवा आणि मूळ फाइलीशी डिफ करा. डिफ रिकामा आला, तर तीनशे लेखांना हात घालायला हरकत नाही.